लुटीचा कायदा आणि परतीचा कागद

ज्यू कुटुंबांच्या परागंदा होण्यावरचे चित्रपट पाहून आपली माणसे हळहळतात आणि विसरतात. आम्ही म्हणतो, हे चित्रपट वकिलाच्या नजरेने पाहा.

२०१५ चा 'वूमन इन गोल्ड' घ्या. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. मारिया आल्टमन व्हिएन्नातून जीव घेऊन पळाल्या. क्लिम्टने रंगवलेले त्यांच्या मावशीचे चित्र नाझींनी हडपले. पुढे ते सरकारी संग्रहालयाची शान बनले. हा रात्रीचा दरोडा नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हुकूम निघाला होता की, पाच हजार मार्कांवर मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने तिची यादी सरकारला द्यावी. यादी हाती आली, जप्ती सोपी झाली. लूट कायद्याने झाली!

परत मिळवतानाही कायदाच आडवा आला. ऑस्ट्रियात चित्रांच्या किमतीवरची कोर्ट फी झेपेना. मग अमेरिकेत दावा लावला. २००४ मध्ये तेथील सुप्रीम कोर्टाने तो चालू शकतो असे ठरवले आणि २००६ मध्ये व्हिएन्नाच्या लवादाने पाच चित्रे परत दिली. कशाच्या बळावर? जुनी मृत्युपत्रे आणि जपलेला पत्रव्यवहार.

असे निर्वासित आपल्या मुंबईतही आले. व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंजर आपला चित्रसंग्रह मागे टाकून आले, औषधांचा धंदा उभारला आणि इथल्या नव्या चित्रकारांना हात दिला. त्या पिढीतले के. एच. आरा कधीकाळी मोटारी धुवत होते.

पण पडद्यावर दिसते ते श्रीमंतांच्या भिंतीवरचे सोने. मारलेल्या साठ लाखांत शिंपी, चांभार, फेरीवालेही होते. त्यांची शिलाई यंत्रे, भांडीकुंडी कोणी परत मागायची? मागणारेच उरले नाहीत.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांना 'भारताच्या घेट्टोतील मुले' म्हटले. घेट्टो म्हणजे ज्यूंची कोंडलेली वस्ती. ज्यूंनी कमावलेले कायद्याने हिसकावले. मनुस्मृतीने तर शूद्राला धनसंचयच नाकारला. म्हणून आपल्याकडे मागायला चित्रे नाहीत, जमीन आहे. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने नवीन शर्तीवर पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी कितीतरी गावांत कब्जा दुसऱ्याचाच! दीपनगर-भुसावळ भागात आमच्याकडे असे पक्षकार येतात. हक्क खरा असतो, हाती कागद नसतो.

बांधवांनो, आजोबांच्या पेटीतली सनद, जुना सातबारा, फेरफाराची नक्कल रद्दीत घालू नका. नसेल तर तहसीलमधून नक्कल काढा. मारियाबाईंना अडुसष्ट वर्षांनी न्याय मिळाला, कारण मागणारा माणूस होता आणि दाखवायला कागद होता. माणसे आपल्याकडे आहेत. कागद जमवा!