मूठभर पीठ आणि तेरावा नंबर



जून महिना आला की आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत एकच चित्र दिसते. एखाद्या मुलीला बारावीला चांगले गुण मिळालेले असतात. नर्सिंगला नाहीतर फार्मसीला नंबर लागलेला असतो आणि फी भरायची तारीख चार दिवसांवर आलेली असते. वडील रिक्षा चालवतात किंवा गवंड्याच्या हाताखाली जातात. मग मशिदीत एलान होतो, मोबाइलवर संदेश फिरतो आणि शेवटी जमातीतली दोन जाणती माणसे त्याच चार-पाच दुकानदारांच्या पायऱ्या चढतात. दुकानदार भले असतात, ते देतातही. पण मागच्या महिन्यात त्यांनी कुणाच्या ऑपरेशनला दिलेले असते, त्याआधी वुजूखान्याच्या कामाला. तिसऱ्यांदा पायरी चढताना मागणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याचा हात आखडतो. कधी फी भरली जाते, कधी तारीख निघून जाते. निघून गेली की मुलगी घरी बसते आणि त्याबद्दल पुढे कोणी बोलत नाही.

आपल्या लोकांत दानत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. रमजानमध्ये आपली घरे किती देतात हे सर्वांना ठाऊक आहे. चूक मागण्याच्या पद्धतीत आहे. आपण थोड्या लोकांकडे, मोठी रक्कम, अगदी शेवटच्या क्षणी मागतो. आपल्या वाडवडिलांनी याच्या उलट केले होते. त्यांनी पुष्कळ लोकांकडे, अगदी थोडे आणि रोज मागितले.

१८८४ साली लाहोरमध्ये अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लाम ही संस्था सुरू झाली. अनाथांना सांभाळायचे आणि मुला-मुलींसाठी शाळा काढायच्या, हा तिचा हेतू होता. पैसा मात्र नव्हता. तेव्हा या मंडळींनी घरोघरच्या बायकांना एक साधी विनंती केली. कणीक मळायला घ्याल तेव्हा एक मूठ पीठ वेगळ्या मडक्यात टाका. अंजुमनची माणसे येऊन ते पीठ गोळा करत, बाजारात विकत आणि येणारा पैसा संस्थेच्या कामाला लावत. याच संस्थेने पुढे १८९२ साली इस्लामिया कॉलेज उभे केले. तिच्या वार्षिक जलशात १९०० साली तरुण इक्बाल यांनी अनाथ मुलाच्या दुःखावरची आपली नज्म वाचली होती. त्या कॉलेजच्या पायात धनवानांच्या देणग्याही असतील, पण नाव नसलेल्या हजारो बायकांचे मूठ-मूठ पीठही आहे.

त्या मूठभर पिठाने आणखी एक गोष्ट साधली. ज्या बाईच्या हाती रोख पैसा कधी येत नव्हता, तीही देणारी झाली. शाळेकडे पाहताना ‘यात माझेही काही आहे’ असे तिला वाटू लागले. ही भावना कुठल्याही मोठ्या चेकने विकत मिळत नाही.

थोडे देणाऱ्याची किंमत आपल्या दीनने फार आधी ठरवून ठेवली आहे. तबूकच्या मोहिमेसाठी प्रेषितांनी (स.) मदतीचे आवाहन केले, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी भरभरून दिले. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी घरातले सगळेच आणून ठेवले. पण त्याच वेळी अबू अकील (रजि.) नावाचे एक गरीब सहाबी आले. रात्रभर पाणी ओढून मजुरीत जे खजूर मिळाले होते, त्यातले अर्धे त्यांनी घरच्यांसाठी ठेवले आणि अर्धे आणून दिले. मुनाफिक हसले. त्या हसणाऱ्यांची दखल सूरह तौबामध्ये घेतली गेली आहे. कष्टाच्या ओंजळभर खजुरांना हसणे अल्लाहला आवडले नाही, हे आपण विसरू नये.

दारुल उलूम देवबंद १८६६ साली सुरू झाले. मौलाना कासिम नानौतवी यांनी त्यासाठी जी आठ तत्त्वे घालून दिली, त्यांचा रोख असा होता की मदरसा सामान्य माणसांच्या चंद्यावर चालावा. सरकारच्या किंवा श्रीमंतांच्या बांधील उत्पन्नावर तो विसंबून राहू नये. नावासाठी न देणाऱ्यांच्या पैशात बरकत अधिक, अशी त्यांची धारणा होती.

आणि ही रीत केवळ आपल्यातच होती असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यातल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातीधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. ती जेवणे चालावीत म्हणून त्यांनी गावोगावी मुष्टिफंड सुरू केला, म्हणजे घरटी एक मूठ धान्य. लक्ष्मीबाईंनी त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. एका पैशाने कारखाना उभा राहतो, तर आपल्या मोहल्ल्यातल्या एका मुलीची फी का निघू नये?

आता एक नाजूक मुद्दा. सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढच्या कॉलेजसाठी जितक्या युक्त्या लढवल्या तितक्या क्वचितच कोणी लढवल्या असतील. त्यांनी पुस्तकांचे दुकान मांडले. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता या वयात रंगमंचावर उभे राहिले. पैसे देणाऱ्यांची नावे भिंतींवर कोरली. आजही ती नावे तिथे वाचता येतात. पण त्यांनी लॉटरीही काढली आणि तिच्यावर तेव्हाच दीनदार लोकांनी हरकत घेतली. सर सय्यद यांच्या तळमळीबद्दल मनात आदर ठेवूनही मला वाटते की हरकत घेणारे बरोबर होते.

हे जुने प्रकरण सांगायचे कारण असे की हल्ली आपल्या कार्यक्रमांतही ‘लकी ड्रॉ’ शिरला आहे. शंभर रुपयांचे कूपन, पहिले बक्षीस मिक्सर, उरलेला पैसा चांगल्या कामाला. काम चांगलेच असते. पण एकाला मिक्सर मिळतो तो बाकीच्यांच्या गेलेल्या पैशातून, आणि कूपन घेणाऱ्याचे डोळे कामाकडे नसतात, मिक्सरकडे असतात. जुगार तो जुगारच. मुलीच्या शिक्षणाची सुरुवात त्यातून कशाला? हलाल मार्ग संपले असते तर गोष्ट वेगळी होती. ते तर आपण अजून नीट चालून पाहिलेलेच नाहीत.

एक जुना मार्ग मात्र बंद होत आला आहे. पूर्वी बकरी ईदला कुर्बानीच्या चामड्यांवर किती मदरशांचे आणि संस्थांचे वर्षाचे गणित बसायचे! आता चामड्याला भाव उरलेला नाही. गोळा करायचा खर्चही निघत नाही. म्हणून नवे मार्ग शोधणे भागच आहे. खालचे पाच मार्ग कुठल्याही गावात, कुठल्याही मोहल्ल्यात जमण्यासारखे आहेत.

पहिला मार्ग, तीच जुनी मूठ. स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली तर एका घरातून महिन्याला दीड किलो आणि ४० घरांतून ६० किलो तांदूळ निघतो. तो विकण्याचीही गरज नाही. मोहल्ल्यातल्या दोन-तीन विधवा भगिनींच्या घरी तो पोचला तर तेवढी रोख रक्कम फीसाठी मोकळी होते. डबे गोळा करायला दर महिन्याला वेगळी मुले पाठवा. मुलांनाही कळेल की मोहल्ला कुठून कुठवर आहे.

दुसरा मार्ग भिशीचा. आपल्या बायकांना भिशी शिकवायला नको. १२ जणी दरमहा १,००० रुपये भरतात आणि दरमहा एकीला १२,००० मिळतात. पहिल्याच दिवशी एवढेच ठरवा की भिशी १२ महिन्यांनी संपणार नाही, १३ महिने चालेल आणि एक नंबर कामाचा असेल. तेराव्या नंबराचे १२,००० रुपये कुणा एकीने दिलेले नसतात, सगळ्यांचे असतात. हिशेब केला तर प्रत्येकीवर महिन्याला ८० रुपयांपेक्षा कमी भार पडतो. हा नंबर मे महिन्यात यावा असे आधीच ठरवून टाका, म्हणजे जूनमध्ये कुणाची पायरी चढावी लागणार नाही. मोहल्ल्यात अशा तीन भिश्या असल्या तर ३६,००० रुपये हाती येतात. काही जणी विचारतात, भिशीतही चिठ्ठी उचलतात, मग तो जुगार नाही का? नाही. कारण चिठ्ठीने फक्त पाळी ठरते. जितके भरले तितके प्रत्येकीला मिळतेच. तेरावा नंबर तर आपण राजीखुशीने दिलेला असतो. लिलावाच्या भिशीपासून मात्र दूर राहा. तिथे नड असलेली बाई कमी पैसे उचलते आणि इतर जणी तिच्या नडीवर कमावतात.

तिसरा मार्ग हाताच्या कमाईचा. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी चामडे कमावत, शिवणकाम करत आणि ती कमाई सदका करत. आपल्यात कुणाच्या हाताला बिर्याणीची चव असते, कुणाच्या हाताला शिवणाची सफाई. महिन्यातून एका रविवारी एक देग चढवा. आधी ऑर्डर घ्या, पैसे आधी घ्या, ऑर्डर असेल तेवढीच शिजवा. सामानाचा खर्च वजा जाता राहील ते कामाला. इथे घेणाऱ्याला पैशाचा मोबदला मिळतो, त्यामुळे कुणावर उपकार नाही आणि कुणाला लाजही नाही. वायरमन, शिंपी, शिकवणी घेणारे यांनी महिन्यातल्या एका दिवसाची कमाई ठरवून दिली तर तेही याच मार्गात येते.

चौथा मार्ग वलीम्याचा. वलीमा सुन्नत आहे, पण तीन प्रकारच्या मिठाया सुन्नत नाहीत. एक पदार्थ कमी करायचा आणि वाचलेली रक्कम नवदांपत्याच्या हाताने फंडात द्यायची. अशी सुरुवात खात्यापित्या घराने करावी. गरिबाने केली तर लोक नावे ठेवतात, श्रीमंताने केली तर रीत पडते.

पाचवा मार्ग मुलांचा. रद्दी, जुनी पुस्तके आणि वह्यांची उरलेली कोरी पाने गोळा करून विकणे मुलांना आवडते. ईदीतला दहावा हिस्सा ज्याने-त्याने आपल्या हाताने गल्ल्यात टाकावा. आईने परस्पर काढून घेऊ नये, नाहीतर मूल द्यायला नव्हे, लपवायला शिकते.

पैसा जमवण्याइतकेच तो सांभाळणे अवघड असते. म्हणून चार गोष्टी कसोशीने पाळाव्यात.

जकात आणि बाकीचा पैसा कधी एकत्र करू नये. जकातीचे हक्कदार कुरआनने आठ प्रकारांत सांगितले आहेत. जकातीतून मशीद बांधता येत नाही, सभागृहाला पंखे लावता येत नाहीत. मुलगी आणि तिचे घर हक्कदार असेल तर तिला जकात देता येते, पण ती कशी द्यावी हे आधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. नफिल सदक्याचा फंड मात्र खुला असतो. शेजारच्या बिगर-मुस्लिम मुलीची फी अडली असेल तर त्यातून अवश्य द्यावी. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला चांगला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दोन वह्या, दोन सह्या आणि दर तीन महिन्यांनी सर्वांसमोर वाचन. चहाचे २० रुपयेही त्यात लिहिलेले असावेत. ‘आपल्याच माणसावर अविश्वास कसा दाखवायचा?’ असे म्हणत चांगले फंड बुडाले आहेत. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. अमानत सांभाळणाऱ्याच्या इज्जतीला ते संरक्षण आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून उघड वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ती घ्यावी किंवा नोंदणी असलेल्या जवळच्या ट्रस्टमार्फत पावतीवर काम करावे. कोकणातल्या अनेक घरांचा आधार आखाती देशांत आहे. भारतीय नागरिकाने तिथल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचा पैसा त्यात धरला जातो आणि त्यासाठी संस्थेला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. कुवेतहून येणारा आणि लंडनहून येणारा रुपया कायद्याला नेहमीच सारखा नसतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. जिला मदत दिली तिचा फोटो काढू नका. व्यासपीठावर बोलावून तिच्या हाती पाकीट देऊ नका. ती उद्या कुणाच्या तरी उशाशी नर्स म्हणून उभी राहणार आहे. तिथे तिला कुणी ‘ती चंद्यावर शिकलेली’ म्हणू नये. देणाऱ्यांची नावे सर सय्यद यांनी भिंतीवर लिहिली, ते ठीक होते. घेणाऱ्याचे नाव मात्र वहीच्या आतच राहू द्या.

हे सगळे एकदम सुरू करायला कोणी सांगत नाही. या महिन्यात एवढेच करा. तुमच्या भिशीच्या पुढच्या बैठकीत, चहा ओतला जात असताना, तेराव्या नंबराची गोष्ट काढा. कदाचित दोघी-तिघी नाराज होतील. होऊ द्या. एखादी तरी म्हणेलच की मागच्या जूनमध्ये आपल्या गल्लीतली ती मुलगी घरी बसली, तेव्हा आपण सगळ्या इथेच बसून भिशीचे पैसे मोजत होतो.

अल्लाह आपल्या थोड्यात बरकत देवो. आमीन.