गावाचा नकाशा गावाच्या भिंतीवर हवा

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरातली जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे नव्या जागी वसली. माळवदाची घरे आणि अरुंद बोळ जाऊन सरळ रस्ते, आखीव प्लॉट आले. त्यानंतर जन्मलेल्या पिढीला जुने गाव ठाऊक आहे ते आजी-आजोबांच्या तोंडून.

मराठवाड्याच्या भूमीने असे बदल पूर्वीही पाहिले. राष्ट्रकूटांच्या काळात कंधारला जगत्तुंग सागर बांधला गेला. आपल्या काळात नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवली, धनेगावला मांजरा अडवली. मांजरेच्या खोऱ्यात ऊस पसरला. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. भूकंपाची वेळ मिनिटासकट आपल्याला पाठ आहे. आटत गेलेल्या विहिरींची तारीख मात्र कोणी लिहून ठेवली नाही.

नकाशे नाहीत असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देश मोजतो आहे. पण बांधाचा वाद उठल्याशिवाय शेतकरी गटाचा नकाशा पाहत नाही. त्यात हद्दी असतात; बुजलेला ओढा, मोडलेली गायराने, पाण्यासाठी बायकांनी तुडवलेली वाट नसते. हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्या हाती खडू द्यायला हवा. शिवारफेरी करून गावकऱ्यांनी जमिनीवर चुना-रांगोळीने शिवार काढले की म्हातारी माणसे पुढे येतात, ओढ्याची जुनी वाट बोटाने दाखवतात. पण ती रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते.

म्हणून शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी तीन चित्रे असावीत: महसुली नकाशा, वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले गाव आणि उपग्रहातून दिसणारे आजचे शिवार. चित्रकलेचे शिक्षक आणि गावातला पेंटर एवढे काम सहज करतील. दरवर्षी उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याची पातळी तिथेच तारखेसह रंगवावी. बदल डोळ्यांसमोर असला, तर नवे बोअर आणि नवा ऊस यांचा निर्णय गाव समजून-उमजून घेईल.

दर ३० सप्टेंबरला आपण मृतांना आदरांजली वाहतो. दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, ग्रामसभा असते. या भिंतीचा ठराव त्या ग्रामसभेत मांडा.