खाडा परवडत नाही

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा आणि तयार माल कारखान्यात द्यायचा. तिथे खराब विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला निघाल्या की त्यांचे पैसे गेले. या बाईने रोज दोन तास पुस्तक उघडलं, तर तेवढी मजुरी कमी.

शाळा अर्धवट सुटलेल्यांना वाटा नाहीत असं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहेच. फीची जुळवाजुळव एकवेळ होते. खाड्यांचे पैसे कुठून आणायचे? शिक्षणाच्या खर्चात बुडालेली कमाईही धरावी लागते, हे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४मध्ये मांडलं. पूर्व भागातल्या बायका तो हिशेब बोटांवर करतात.

मजुरी वाढली म्हणजे कामगार शाळेकडे वळेल, हेही अर्धसत्यच. दर चांगला मिळाला तर घर चालवून तास-दोन तास मोकळे काढता येतात. पण बुडणारा प्रत्येक तासही महाग होतो.

त्यात शिकून त्याच कामात हाती काय येणार? विडीचंच नव्हे, सोलापूरच्या यंत्रमागांचंही तेच: टॉवेलचा दर दहावी पास कामगाराला वेगळा नसतो. प्रमाणपत्राचा उपयोग होतो तो माग सोडून दुसरी नोकरी धरताना. मग मालक त्यासाठी सुट्टी कशाला देईल?

सरकारने विडी कामगारांसाठी १९७६मध्ये कल्याण निधीचा कायदा केला. त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली, ते चांगलंच झालं. पण चाळिशीतल्या आईलाच दहावी व्हायचं असेल, तर तिची बुडालेली मजुरी भरून देणारं कोणी नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४मध्येच पगारी शैक्षणिक रजेचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. दिल्ली हलेल तेव्हा हलेल. सोलापुरात सुरुवात परीक्षेच्या दिवसांपासून करता येईल. त्या दिवसांची सरासरी मजुरी कामगाराला मिळावी, निम्मी मालकाने आणि निम्मी सरकारने द्यावी. किमान वेतनासाठी मोर्चे काढणाऱ्या कामगार संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात हे कलम घालावं.