रविवार जहाजावरचा

तुमचा नवाकोरा फोन कदाचित न्हावा शेवालाच उतरला असेल. आणि तो आणणारा खलाशी? १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात कंटेनरचं जहाज जेमतेम दिवसभर थांबतं. मग रविवारची मिस्सा कुठली!

यावर कॅथलिक चर्चचा फंडा सोपा आहे: खलाशी येत नाही, तर फादरच जहाजावर जातील. १९२० साली ग्लासगोत सुरू झालेलं हे काम आज ‘स्टेला मारिस’ नावाने अनेक देशांतल्या बंदरांत चालतं, तेही धर्म न विचारता. प्रार्थनेइतकंच मोलाचं असतं घरी फोन लावायला मिळालेलं सिमकार्ड!

पण मला विचाराल, तर जमिनीवर पाय टेकवणं ही मेहेरबानी नव्हे. २००६च्या सागरी कामगार करारात खलाशांना किनाऱ्यावरची सुट्टी कबूल केली आहे. भारताने तो २०१५मध्ये स्वीकारला. आपण वीकेंडसाठी बॉसशी भांडतो. यांच्या चार तासांसाठी एकट्या फादरनीच भांडायचं का?