पाणी चढविणारे हात

आमच्या भागात एखाद्या वस्तूला ‘पॉलिश मारलेली’ म्हटले की तिची किंमत जागच्या जागी निम्मी होते. आणि ती उल्हासनगरची आहे असे कळले, तर उरलेली निम्मीही जाते. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. दादर-पुण्याकडचे पाहुणे तो आजही नवा असल्यासारखा सांगतात आणि आम्ही अंबरनाथ-बदलापूरची मंडळी, आपण त्यातून सुटलो या समाधानात, त्यांच्याबरोबर हसतो. या हसण्याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याला शोभणारा नाही, असे काही प्राध्यापकांना वाटेल. पण वस्तूचे रूप म्हणजे काय, खरे कशाला म्हणावे आणि खोटे कशाला, हा प्रश्न जर आमचा नसेल तर मग तो कोणाचा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दुसऱ्याचे नाव आपल्या मालावर छापणे ही लबाडी होय. तिची तरफदारी मी करणार नाही. परंतु झिजलेल्या, गंजलेल्या वस्तूवर नव्याने पाणी चढवून देणे ही लबाडी नव्हे. ती विद्या आहे. आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की ताक कळकते, म्हणून दारावर कल्हईवाला आला की घरातली सारी भांडी अंगणात मांडली जात. भाता चालवून भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत ते कथील आतून सारखे फिरवायचे. पांढरा धूर निघे आणि काळवंडलेले पातेले चांदीसारखे होई. त्या कल्हईवाल्याला कोणी ‘डुप्लिकेटवाला’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण घेतो. माझा मामेभाऊ मुंबईतल्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. गोल्फ हा खेळ आपला नव्हे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालापासून आहे, पण लोकलच्या टप्प्यात असूनही आमच्यापैकी कितीजणांनी ते हिरवे मैदान आतून पाहिले असेल? मामेभावाने एकदा सांगितले की एका साहेबांचा जुना जपानी ‘आयर्न’चा संच, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्यांचा जुडगा, परदेशात जाऊन नव्यासारखा होऊन आला आणि साहेबांनी तो सगळ्यांना कौतुकाने दाखविला. या कामाला किती पैसे पडले ते त्याने सांगितल्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

निघाले ते असे. जपानमधील ह्योगो प्रांतात हिमेजी शहराजवळ इचिकावा नावाचे एक लहानसे गाव आहे. १९३० च्या सुमारास तेथे जपानी बनावटीची पहिली लोखंडी डोकी घडविली गेली असे मानतात, आणि त्या परिसरात लोहारकामाची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी. त्याच हिमेजी परिसरातील मिउरा, किंवा मिझुनो, यांच्या घडीव काठ्या जगभर नावाजलेल्या आहेत. त्यांचे पोलाद मऊ असते. शंभरात पाव भाग कार्बन, कधी त्याहूनही कमी. मऊ असल्यामुळे खेळाडूच्या उंचीप्रमाणे डोके थोडे वाकवून कोन जुळविता येतो, आणि चेंडू लागतो तेव्हा हाताला गोड वाटते म्हणे. पण मऊ पोलाद म्हणजे गंजणारे पोलाद. म्हणून त्यावर निकेल आणि क्रोम यांचा पत्रा चढवावा लागतो. पत्रा कसला, नुसता पापुद्राच. दहा-बारा वर्षे खेळून, दगडावर आपटून तो उडतो, आणि मग त्या काठ्या रीफिनिशिंगसाठी कारागिराकडे जातात.

हा कारागीर काय करतो? दांड्याचा डिंक उष्णतेने सोडवून डोके वेगळे करतो. आम्लाने जुने क्रोम उतरवितो, मग त्याखालचे निकेल. उघड्या पोलादावरचे खड्डे भरून घेतो किंवा घासून काढतो, पण बेताने. कारण संचातील प्रत्येक काठीचे डोके आधीच्या क्रमांकाहून साधारण सात ग्रॅमने जड असते आणि घासता घासता हा हिशेब बिघडला तर सगळा संच वाया. दर्शनी भागावरच्या रेघांना हात लावायचा नाही, कारण त्यांच्या मापाचे नियम आहेत. मग तांबे, मग निकेल, मग वर क्रोम. कोणाला झळझळीत हवे, कोणाला मंद, कोणाला काळपट. काही शौकीन तर पाणी चढवूच नका म्हणतात. उन्हात डोळ्यावर तिरीप येत नाही, आणि गंजला तर गंजू दे! शेवटी क्रमांकाच्या खाचेत रंग भरतात. एवढे झाल्यावर वस्तू जुनी की नवी, खरी की पॉलिश मारलेली, असा प्रश्न तेथे कोणीही विचारीत नाही. उलट अमुक कारागिराच्या हाताखालून गेलेला संच म्हणून त्याचे मोल चढते.

वाचकहो, हे सर्व वाचताना मला एका गोष्टीची सारखी आठवण होत होती. तांबे, निकेल, क्रोम: हाच क्रम मी आमच्या शेजारच्या काकांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते एका प्लेटिंगच्या गाळ्यात कामाला होते. गाळ्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तसे गाळे पुष्कळ आहेत. तेथे नळाच्या तोट्या येत, दाराची हँडले येत, फर्निचरचे पाय येत, जुन्या स्कूटरची गंजलेली अवजारे येत. आधी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासणे, मग आम्लात बुचकळणे, मग सायनाइडच्या हौदात तांबे, कारण लोखंडावर पहिला थर नीट धरतो तो त्याच हौदात, मग निकेल, आणि शेवटी क्रोमचा हौद, तांबड्या-पिवळ्या पाण्याचा. चमक खरी निकेलची, क्रोम हे नुसते त्याचे राखण. निकेल पंधरा-वीस मायक्रॉन, क्रोम अर्धा मायक्रॉनही नाही. आपल्या डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. या अर्ध्या मायक्रॉनसाठी काका रोज आठ तास हौदाच्या कडेला उभे असत. विजेचा दाब किती ठेवायचा, तोटीच्या आतल्या वाकणात पाणी पोहोचावे म्हणून ती कशी टांगायची, हे त्यांना रंग बघून कळे. जपानातल्या त्या कारागिराला तरी याहून निराळे काय कळते? पण नावडतीचे मीठ अळणी, हेच खरे.

काकांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलेले आहे. क्रोमच्या हौदातून वीज खेळू लागली की बुडबुडे फुटतात आणि आम्लाची बारीक फवार वर येते. ती वर्षानुवर्षे श्वासात गेली की असे होते. वैद्यकाच्या पुस्तकात ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ नोंदलेली आहे. या फवारीतले सहा संयुजेचे क्रोमियम फुफ्फुसाच्या कर्करोगालाही कारण होते. उपाय अवघड नाही. हौदाच्या काठालगत वाफ ओढून घेणारा पंखा बसवावा, पाण्यावर प्लॅस्टिकचे पोकळ गोळे तरंगत ठेवावे, फवार दाबणारे औषध टाकावे. मी एकदा विचारले, “काका, मालक तो पंखा का बसवीत नाहीत?” ते म्हणाले, “अरे बाबा, पंख्याला वीज लागते आणि मला पगार लागतो. दोन्ही एकदम परवडत नाही म्हणतात.”

आणि जे पंख्याचे तेच पाण्याचे. धुतलेल्या मालाचे पाणी नाल्यात, नाला वालधुनीत. वालधुनी ही आमची नदी आहे हे बाहेरच्यांना सांगावे लागते, कारण तिच्याकडे पाहून ते कळत नाही. अंबरनाथच्या पलीकडच्या डोंगरात ती उगम पावते, शिवमंदिराच्या अंगाने वाहते, उल्हासनगरच्या छावण्यांमधून कल्याणकडे जाते आणि उल्हासच्या खाडीला मिळते. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले ते मंदिर पाहावयास सहली येतात. भिंतीवरच्या मूर्ती पाहून, कोणा अनाम पाथरवटाचे हे हात, असे आमचे प्राध्यापक सद्गदित होऊन सांगतात, आणि सहल परत फिरताना नदीजवळ नाकाला रुमाल लावते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात याच वालधुनीच्या पात्रात कोणी टँकरमधून रसायन ओतले आणि विषारी वायूने शेकडो माणसे इस्पितळात गेली. ते रसायन प्लेटिंगवाल्यांचे होते असे मी म्हणत नाही. पण आम्ल आणि सायनाइड एका नाल्यात भेटले तर काय होते, हे प्लेटिंगच्या गाळ्यातला प्रत्येक पोऱ्या जाणतो, आणि तरीही पुष्कळ ठिकाणी नाला एकच असतो.

यावर काहींचे म्हणणे असे की हे सारे गाळे बंद करावेत. मला ते पटत नाही. ही गावे वसली कशी ते आठवावे. कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आणून ठेवले गेले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेती नाही, वतन नाही, ओळखीपाळखी नाहीत. बराकीच्या पडवीत पापड, मिठाई, कपडा, जे करता येईल ते करून ही माणसे उभी राहिली. त्यांच्या गाळ्यांत पुढे कोकणातून, देशावरून, उत्तरेतून आलेली माणसे कामाला लागली. गाळे बंद केले तर ते पुढच्या स्टेशनावर, पुढच्या तालुक्यात उघडतील, एवढाच फरक. काकांसारख्या माणसांना वाऱ्यावर सोडून नदी स्वच्छ झाल्याचे समाधान मला नको आहे.

‘जपानी माणसाला शिस्त आहे, आपल्याला नाही’ हे ठराविक वाक्यही मला मान्य नाही. १९७० च्या दशकात खुद्द टोकियोमध्ये क्रोमच्या कारखान्याने पुरलेल्या विषारी मळीचे ढीग जमिनीखाली सापडले. कामगारांच्या नाकांना भोके पडली होती, काही फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. त्यावर तेथे ओरड झाली, खटले झाले. जपानचा जलप्रदूषणाचा कायदा १९७० चा. आणि आपला? महाराष्ट्राने असा कायदा १९६९ सालीच केला, केंद्र सरकारचा १९७४ साली आला. कागदावर आपण जपानच्या पुढे होतो! तेव्हा उणीव शिस्तीची नाही आणि कायद्याचीही नाही. तेथे पाणी साफ करण्याचा खर्च वस्तूच्या किमतीत धरला जातो, आणि गिऱ्हाईक तो देते. येथे तो खर्च काकांच्या नाकावर आणि वालधुनीवर टाकलेला आहे, म्हणून आमची तोटी स्वस्त.

साफ करणे म्हणजे काही जादू नव्हे. क्रोमचे पाणी वेगळे साठवावे, आम्लधर्मी ठेवून त्यात सोडियम बायसल्फाइट टाकावे, म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे होते आणि त्याचा विखार पुष्कळ कमी होतो. मग चुन्याने ते खाली बसवावे आणि गाळ तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावा. सायनाइडचे पाणी निराळ्या नळीने निराळ्या टाकीत. एकट्या लहान गाळ्याला हे जड जाईल, दहा जणांनी मिळून केले तर जाणार नाही. आता तीन संयुजेच्या क्रोमनेच पाणी चढविण्याची रीतही आली आहे. युरोपात २०१७ पासून जुन्या क्रोमच्या हौदाला खास परवानगी लागते. रंगात किंचित फरक पडतो म्हणून आमच्याकडची गिऱ्हाइके नाके मुरडतात. ज्यांची नाके शाबूत आहेत त्यांना ते शक्य आहे.

मालकांचेही एक म्हणणे आहे, ते येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या मते एक हँडल दोन रुपयांनी महाग केले तर व्यापारी पलीकडच्या गाळ्यात जातो. हे खरे आहे. व्यापारी दोन रुपयांसाठी जातो, कारण पुढे आपण सारे दुकानात उभे राहून तेच दोन रुपये कमी करून मागतो, आणि वर ‘उल्हासनगरचा माल ना, याला कशाला एवढे?’ असे ऐकवितो. म्हणून मला तो विनोद आवडत नाही. त्या विनोदाने भाव पडतो, भाव पडला की पंखा बसत नाही.

बदलापूरला पूर्वी प्रवासी घोडे बदलीत, म्हणून ते बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. बदल घडविण्याच्या मोठ्या गोष्टी करण्याचा माझा अधिकार नाही. पण आमच्या महाविद्यालयापुरती एक सूचना करतो. स्नेहसंमेलनाच्या आधी आपल्या फिरत्या ढाली आणि वक्तृत्वाचे, कबड्डीचे, एकांकिकेचे चषक दरवर्षी पाणी चढवायला जातात. काम सर्वांत कमी दर देणाऱ्याकडे जाते. येत्या वर्षी जिमखान्याच्या समितीने दर विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हौदावर पंखा आहे काय, आणि धुवणाचे पाणी कोठे सोडता? समाधानकारक उत्तर देणाऱ्याला काम द्यावे, आणि जे चारशे-पाचशे रुपये जास्त पडतील ते मंडपाच्या झालरींतून वजा करावेत. ढालीच्या मागे विजेत्यांची नावे कोरतो, तेथेच खालच्या कडेला ते पाणी कोणी चढविले त्याचेही नाव असावे. जागा आहे, मी मोजून पाहिली आहे.