केस नव्हे, रक्त तपासा

आमच्यातील काही कुटुंबांनी हल्ली मुलांच्या केसांची बट पाकिटात घालून परदेशी तपासायला पाठवण्याचा सपाटा लावला आहे. तिकडून वीस-पंचवीस धातूंचा रंगीत तक्ता येतो आणि पाठोपाठ गोळ्यांच्या डब्यांचे बिल!

केसांशी आमचे वैर नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि मासळीतून पोटात गेलेला पारा त्यात नोंदला जातो. जपानात मिनामाताला तर घरोघरी जपून ठेवलेल्या वाळक्या नाळेतही पारा सापडला. पण शिशाचे तसे नाही. केसांवर धूळ बसते, कलप लागतो. आतले शिसे कोणते नि बाहेरचे कोणते, हे कोण सांगणार? रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, पण बरेचसे हाडांत जाऊन वर्षानुवर्षे ठाण मांडते. तेव्हा ताजी हकीकत हवी तर रक्तालाच विचारावे.

"आमच्या आज्या सुरमा घालीत, कल्हईच्या पातेल्यात रांधीत, त्यांना काय झाले?" हे आम्ही प्रत्येक लग्नात ऐकतो. अहो, मोजले कुणी? शिसे बहुधा गाजावाजा करीत नाही. मूल थोडे मंद, थोडे चिडखोर होते आणि आपण म्हणतो, बापावर गेलाय. सुरम्याचा काळा दगड पुष्कळदा शिशाचाच असतो. कथील महाग म्हणून कल्हईत शिसे मिसळले जाते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट घातल्याचे भारत-बांगलादेशात आढळले आहे. आणि मुंबईहून परतताना बॅगेत आपण कोंबतो ते हेच!

येथलेच उदाहरण घ्या. 1982-83 च्या सुमारास वेस्ट बँकमधल्या एका खेड्यात माणसे पोटदुखीने नि पंडुरोगाने हैराण झाली. जात्याच्या दगडात आस पक्का बसावा म्हणून ओतलेले शिसे पिठात उतरत होते. रोज भाकरी खाणाऱ्याला त्याची चव लागली नाही.

अमेरिकेत 2021 पासून मुलाच्या रक्तात डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम शिसे निघाले तरी चौकशी करा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना तर निर्धोक पातळीच मानीत नाही. मग कुपात खोलीमच्या डॉक्टरला विचारायला लाज कसली? हळद कुठली, सुरमा कुठला, पातेले कुठले, तेही स्पष्ट सांगा. आकडा चढा आला तर त्या डब्यांतल्या गोळ्या नकोत. डॉक्टर सांगतील ते करा, घरातले शिसे शोधून बाहेर काढा आणि त्यांनी दिलेल्या तारखेला पुन्हा रक्त द्या.