विकतचा घाम

घाम विकत घ्यायचे दिवस आले आहेत. दूध विकत, पाणी विकत, तशी आता घामाचीही पाळी आली. यात मौज अशी की हा माल मालेगावात खपवायला निघाले आहेत. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जाऊन बसतो, दुपारी मोसम पुलावर कुत्रेसुद्धा दिसत नाही, त्या गावाच्या माणसाला "या, आम्ही तुम्हांला घाम आणतो" असे सांगायला मोठी छाती लागते!

माझा भाचा नाशिकला असतो. तिथल्या एका आरोग्यकेंद्राचे गुळगुळीत पत्रक त्याने मला आणून दिले. "मामा, तुमचे गुडघे दुखतात ना? अर्ध्या तासाचे दीड हजार घेतात. एकदा बघा तरी जाऊन." मुलगा गुणी आहे, हेतूही चांगला. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्या पत्रकावर आहे. त्यात लिहिले होते की 'इन्फ्रारेड सौना'मध्ये बसल्याने शरीरातील विषे घामावाटे बाहेर पडतात, अर्ध्या तासात सहाशे कॅलरी जळतात, चरबी वितळते, मधुमेह आटोक्यात येतो आणि कांती उजळते. एवढे सगळे एका लाकडी कपाटात!

कपाटच ते. आत बाकडे, भिंतींत विजेच्या तापपट्ट्या, पुढे काचेचे दार. फिनलंडमधल्या जुन्या सौनात दगड तापवून हवा ऐंशी अंशांच्या आसपास नेतात. इथे हवा पंचेचाळीस ते साठ अंशांवरच राहते आणि तापपट्ट्यांचे अवरक्त किरण थेट अंगावर पडतात. या किरणांत गूढ काही नाही. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून निघालेल्या सात रंगांत एकेक करून तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, पारा अधिक चढलेला त्याला आढळला. तेच हे किरण. शेगडीपाशी हात धरला की जी ऊब लागते ती बहुतांशी त्यांचीच. तापलेल्या पत्र्याखाली बसले की डोक्यावर जे उतरते तेही तेच. पत्र्याखाली मात्र कोणी दीड हजार रुपये मागत नाही.

आता एकेक दावा तपासू. घामात नव्याण्णव टक्के पाणी असते, उरलेले मुख्यतः मीठ. शिशासारख्या धातूंचे अंश त्यात सापडतात, हे खरे, पण अगदी अत्यल्प. शरीरातली घाण काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. दोन मुठींएवढी ही मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, तेही फुकट आणि पत्रक न छापता. घामाचे काम एकच, अंग थंड ठेवणे. त्याला विष उपसायला लावणे म्हणजे पंख्याला झाडूचे काम सांगणे.

वजनाचेही तसेच. अर्धा लिटर घाम गेला की काटा अर्धा किलो खाली येतो, आणि दोन तांबे पाणी प्यायले की परत वर जातो. राहिल्या सहाशे कॅलरी. एक लिटर घामाची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, हे पदार्थविज्ञान आहे. पण ती उष्णता मुख्यतः त्या कपाटाने अंगात कोंबलेली असते. तिचे बिल वीजमंडळाकडे जाते, चरबीकडे जात नाही. सत्तर किलोच्या माणसाला खरोखर सहाशे कॅलरी जाळायच्या तर जवळजवळ तासभर चांगल्या वेगाने धावावे लागते. बाकड्यावर बसून ते होत असते, तर आपल्या गावातले सगळे दुकानदार उन्हाळ्यात काडीसारखे झाले असते!

ऊब वाईट, असे मी म्हणत नाही. आपण तर उबेचे जुने भक्त. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे चोळून कढत पाण्याने न्हाल्यावर अंग कसे मोकळे होते, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले सांधे सैलावतात, झोप बरी लागते. फिनलंडात २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची वीसएक वर्षे नोंद ठेवली. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अकस्मात मरण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पण ती गरम दगडांची सौना होती, आणि रोज सौना घ्यायला ज्याला सवड व ताकद आहे तो मुळातच निरोगी असण्याचा संभव अधिक. जपानी डॉक्टरांनी अवरक्त किरणांची साठ अंशांची खोली हृदयरोग्यांवर वापरून पाहिली: पंधरा मिनिटे आत, मग अर्धा तास पांघरुणात. त्यांच्या २०१६ च्या चाचणीत १४९ रोगी होते. खोलीत बसणाऱ्यांचे चालण्याचे अंतर वाढले, त्यांना बरे वाटले. पण रक्तातले जे मोजमाप मुख्य कसोटी म्हणून आधी ठरवले होते, त्यात दोन गटांमध्ये निर्णायक फरक निघाला नाही. त्यांनी तसे छापलेही. याला म्हणतात प्रामाणिकपणा! तो पत्रकात उतरत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, आपल्या आयुर्वेदातही स्वेदन आहे." आहे ना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळा त्यावरच आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यांतला जेन्ताक म्हणजे तर मध्ये भट्टी असलेली गोल खोलीच. पण घाम कोणाला आणू नये, याची यादीही तिथेच आहे. गर्भिणी, मधुमेही, स्थूल, नित्य मद्य घेणारा, विषाने पीडलेला, थकलेला, भुकेला, तहानलेला, दुबळा. पाहिलेत? पत्रक ज्यांना हाका मारून बोलावते, त्या लठ्ठांना, मधुमेह्यांना आणि विषग्रस्तांना चरकाने दारातूनच परत पाठवले आहे!

त्याच अध्यायात अग्नीवाचून घाम आणणाऱ्या दहा गोष्टी दिल्या आहेत: व्यायाम, उबदार घर, जड पांघरूण, भूक, अतिपान, भय, क्रोध, पोटीस, युद्ध आणि ऊन. ही यादी वाचताना माझ्यापुढे मालेगावची यंत्रमागाची शेड उभी राहिली. पांघरूण-पोटीस वगळा; बाकी बहुतेक सगळे तिथे आहे. वर पत्रा, वाऱ्याने सूत तुटू नये म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या, मागांची खटखट आणि बारा तासांची पाळी. पगार विणलेल्या कापडावर, म्हणून थांबण्याचे भय. सायझिंगच्या वाफेच्या पिंपांशी उभ्या राहणाऱ्याची गोष्ट तर बोलायलाच नको. घामाने विषे जात असती, तर या गावातला मागवाला शंभरी गाठता. गाठतो काय?

माझा खरा वाद इथे आहे. 'घाम म्हणजे आरोग्य' हे खोटे नाशिकच्या दीड हजारापाशी थांबत नाही. लोक एरवीही म्हणतात, "या लोकांना काही होत नाही हो, घाम गाळतात, ठणठणीत असतात." हे वाक्य मी बैठकांत ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे. बोलणारे पंख्याखाली बसलेले असतात. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात राबणारे ऐन पंचविशी-तिशीतले तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन मेले, हजारोंनी मेले. रोज उन्हात घाम गाळणे आणि पुरेसे पाणी न मिळणे, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. म्हणजे घामाने मूत्रपिंडांचे ओझे हलके होणे दूरच, अतिघामाने तीच जळून गेली. आणि १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेली चौदा माणसे उष्माघाताने गेली, हे तर आपल्याच महाराष्ट्रात घडले. त्यांनाही घाम आलाच होता.

मग तीच उष्णता एकाला औषध आणि दुसऱ्याला विष कशी? उत्तर दाराच्या कडीत आहे. कपाटातल्या माणसाला चक्कर आली तर तो दार लोटून बाहेर येतो, लिंबू-सरबत पितो, टॉवेल गुंडाळून पडून राहतो. मागवाल्याची कडी त्याच्या हातात नसते. २०१० साली फिनलंडमध्ये, सौनाच्या माहेरघरीच, ११० अंशांत कोण जास्त टिकतो अशी जागतिक स्पर्धा भरली होती. दार उघडे असूनही अंतिम फेरीतला एक स्पर्धक हट्टाने बसून राहिला आणि मेला. ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. मागवाल्याला तर हट्टही करावा लागत नाही. पोटच हट्ट करते.

"तुम्हांला पैसेवाल्यांचा हेवा वाटतो," असे मला म्हणतील. खुशाल म्हणोत. ज्याला ऊब आवडते त्याने कपाटात जरूर बसावे. डॉक्टरांना विचारून, पाणी पिऊन, पंधरा मिनिटे. 'मौज' म्हणून पैसे घ्या, माझी हरकत नाही. 'औषध' म्हणून घ्याल तर पुरावा दाखवा.

आणि शेडवाल्यांना माझे सांगणे वेगळे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने खेळती हवा आणि सुसह्य तापमान मालकावर बंधनकारक केले होते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात निदान दहा कामगार असावेत ही त्याची अट होती, आणि चार-आठ मागांची शेड तिच्या बाहेर राहिली. कायदा पोचला नाही म्हणून माणुसकीही पोचू नये काय? २०१० च्या उन्हाळ्यात शेकडो माणसे गमावल्यावर अहमदाबादेने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग दिला. चुना आपल्याकडेही मिळतो. पत्र्याला चुना, पाळीला दोन सुट्ट्या, माठात गार पाणी, भिंतीत वर एक झरोका, एवढ्याला कोणताही किरण लागत नाही.

दिवाळीत आपण घरांना रंग देतो. यंदा ज्यांच्या शेडी आहेत त्यांनी एक हात छपरावर मारावा. पुढच्या वैशाखात त्याखाली उभा राहणारा माणूस पत्रक छापून तुमचे गुण गाणार नाही. पण संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी जाईल.